पूल आज किती वाजता उघडणार?

 

गेल्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत एक प्रश्न आला. आमच्या खाडीवर मध्यंतरी तरंगती जेटी बसवली. भरती आली की ती वर येते, ओहोटीला खाली जाते, त्यामुळे लाँचमध्ये चढताना पूर्वीसारखी उडी मारावी लागत नाही. तर गटातली एक नवी सून मला म्हणाली, "ताई, जेटी तरंगते, मग पूल का नाही तरंगत? पक्का पूल होईल तेव्हा होईल, तोवर तरंगता टाकून द्यायचा." बाकीच्या हसल्या. मला मात्र हसू आलं नाही, कारण उत्तर माहीत नव्हतं. बी. ए. झाले आहे पण ते समाजशास्त्र घेऊन, पुलाचं कोण शिकवणार? म्हणून घरी जाऊन शोधायला बसले आणि जे सापडलं ते आज तुम्हाला सांगते.

तर पूल तरंगतो. तुमच्यापैकी कुणी 2025 च्या कुंभमेळ्याला प्रयागला गेल्या असाल तर तुम्ही त्याच्यावरून चाललाही असाल. गंगेवर मोठमोठे लोखंडी पिपे टाकून वरून फळ्या घातलेले 30 पूल तिथं केले होते. पण ते तात्पुरते, मेळा संपला की काढायचे. मला जो पूल सापडला, त्याच्यावरून माणसं, बस, मालाचे ट्रक, सगळं 47 वर्षं रोज ये-जा करत होतं. तो पूल होता गयाना देशात, डेमेरारा नावाच्या नदीवर.

गयाना कुठं? दक्षिण अमेरिकेच्या वरच्या टोकाला, अटलांटिक समुद्राच्या काठावर. देश आकाराने मोठा पण माणसं थोडी, आठ लाखांच्या आसपास. त्यातले बहुतेक समुद्रकाठच्या चिंचोळ्या पट्टीत राहतात. ही पट्टी कशी आहे ऐकाल तर तुम्ही म्हणाल, हे तर आपलंच. भरतीच्या वेळी जमीन समुद्राच्या पाण्यापेक्षा खाली असते. दोनअडीचशे वर्षांपूर्वी डच लोकांनी तिथं बांध घालून शेतजमीन केली आणि पाणी सोडायला दारं बसवली. ओहोटीला दार उघडायचं, आतलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं, भरतीला बंद करायचं. आपल्या खारबांधाला उघाडी असते ना, तीच. तिकडे तिला कोकर म्हणतात. उघाडीकडे लक्ष दिलं नाही तर शेत खारं होतं, हे त्यांनाही आपल्यासारखंच अनुभवानं कळलं असणार.

नदीच्या पूर्वेच्या काठावर जॉर्जटाउन, देशाची राजधानी. पश्चिमेला व्रीड-एन-हूप नावाचं गाव आणि तिथून समुद्राच्या कडेकडेनं एकामागून एक गावं, लिओनोरा, उइटव्हलुख्ट, पार परिकापर्यंत. व्रीड-एन-हूप हे डच नाव, अर्थ शांती आणि आशा. नाव छान आहे. पण त्या गावाची आपल्या देशाला असलेली ओळख वेगळी आहे. 1838 साली हिंदुस्थानातून करारावर मजूर घेऊन पहिली दोन जहाजं गयानाला गेली. गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती म्हणून. त्या पहिल्या खेपेतली काही माणसं उतरली ती व्रीड-एन-हूपच्या मळ्यावर. सुरुवातीचे बरेचसे छोटा नागपूरकडचे, नंतर बिहार, उत्तर प्रदेश आणि काही मद्रासकडचे. 1917 पर्यंत हे चाललं आणि सुमारे दोन लाख चाळीस हजार माणसं गेली. आपली मराठी माणसं जशी मॉरिशसला गेली, तशी ही तिकडे.

त्यांची आजची भाषा इंग्रजीच्या घडणीची आहे, पण बाजारात काही शब्द जुने राहिलेत. पालेभाजीला भाजी म्हणतात. कारल्याला करिला म्हणतात. चवळीच्या लांब शेंगांना बोरा. शेवग्याच्या शेंगेला सैजन. समुद्र ओलांडून गेलेल्या बायकांनी बियाण्याबरोबर नावंही नेली असणार असं मला वाटतं. बियाणं कोण जपतं घरात, तुम्हाला सांगायला नको.

लिओनोराचं नाव घेतलं म्हणून एक गोष्ट सांगून पुढे जाते. 1964 साली तिथल्या साखर कामगारांचा संप होता. लिओनोराच्या कारखान्याच्या वाटेवरच्या पुलावर बायका ठाण मांडून बसल्या. 6 मार्चला त्यांच्या अंगावर ट्रॅक्टर घातला गेला. कौसिला नावाची मजूर बाई त्यात गेली, आणखी बायका जखमी झाल्या. तिकडे कामगार अजून तिची आठवण काढतात. कौसिला. आपल्या आजीचं नाव वाटतं की नाही?

आता पुलाकडे येते.

या पश्चिम काठाच्या गावांना शहर समोर दिसायचं, पण मध्ये नदी. परिकापासून व्रीड-एन-हूपपर्यंत आगगाडी होती, तीही 1974 साली बंद झाली. पुढे बोटीनं नदी ओलांडायची. शेतमाल, शाळेची मुलं, आजारी माणूस, सगळं बोटीच्या वेळेवर. मग 1976 साली पुलाचं काम सुरू झालं आणि 2 जुलै 1978 ला पूल खुला झाला. लांबी 1,851 मीटर, म्हणजे दोन किलोमीटरला थोडी कमी. जगातल्या सगळ्यांत लांब तरंगत्या पुलांमध्ये त्याचं नाव होतं.

तरंगता का केला? नदीच्या तळाला मऊ गाळ. पक्क्या पुलाचे खांब रोवायचे तर गाळातून खूप खोल जावं लागतं, त्याला पैसा आणि वेळ लागतो. तरंगत्या पुलाला खांब नकोत. आपण लहानपणी विहिरीत पोहायला कसं शिकलो? पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून. डबा लोखंडाचा, पण आत हवा, म्हणून आपल्याला वर धरतो. तसेच खोलीएवढे मोठे बंद पोलादी डबे पाण्यावर सोडायचे, साखळदंड आणि नांगर टाकून ते वाहून जाणार नाहीत असे बांधायचे आणि वरून पोलादी चौकटींचा रस्ता जोडायचा. भरतीला अख्खा पूल वर, ओहोटीला खाली. अगदी आपली जेटी, फक्त दोन किलोमीटरची.

पण डब्याला भोक पडलं की काय होतं तेही आपल्याला माहीत आहे. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजतं. म्हणून त्या पुलाला रोज माणसं लागायची. डबे तपासायचे, गळणाऱ्यातलं पाणी उपसायचं, खराब झालेला काढून दुरुस्त करून परत बसवायचा. पूल बांधला तेव्हा तो दहा वर्षं टिकेल असं धरलं होतं. वापरला 47 वर्षं. शेवटी शेवटी भार कमी करायचा म्हणून त्याच्यावरची पायवाटही वापरातून गेली. हे वाचताना मला आमच्या गटाची पिठाची गिरणी आठवली. तिची हमी दोन वर्षांची, चालते आहे अकरा वर्षं, आणि का चालते ते जातं साफ करणाऱ्या बाईला विचारा.

आता खरी गंमत. गंमत म्हणते खरी, पण तिकडच्या लोकांना ती गंमत नव्हती.

डेमेरारा नदीत आत वरपर्यंत मोठी जहाजं जातात. लिंडन नावाच्या गावाजवळ बॉक्साइटच्या खाणी आहेत, त्याच्यापासून ॲल्युमिनियम करतात, आपली पातेली-टोप त्याचीच. जहाज मोठं, पूल बुटका. लहान होड्यांसाठी पुलाचा एक भाग उंच ठेवला होता, त्याच्या खालून त्या केव्हाही जात. पण मोठं जहाज आलं की पुलाच्या मधले दोन भाग बाजूला ओढून घ्यायचे, जहाज जाऊ द्यायचं आणि परत जोडायचे. यात तास, कधी दीड तास जायचा. तेवढा वेळ गाड्या दोन्ही बाजूंना उभ्या. नदीवाले म्हणणार पूल उघडला, रस्त्यावरचे म्हणणार पूल बंद झाला. दोघंही खरं बोलतात.

आणि हे रोज एकाच वेळी नसे. मोठ्या जहाजाला पाणी खोल लागतं, म्हणून ते भरती धरून येतं. भरती रोज पुढे सरकते, तशी पूल बंद होण्याची वेळही सरकते. आज पहाटे, आठवड्यानं ऐन शाळेच्या वेळेला. आपल्याकडच्या जुन्या बायकांना याचं काही नवल वाटणार नाही. माझ्या सासूबाई घड्याळ न बघता भरती सांगतात. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहा वाजता पाणी भरलेलं. पंचांग भिंतीवर असलं की झालं.

तिकडे पंचांग नव्हतं, पण एक गोष्ट होती, आणि मी आज हे सगळं सांगते आहे ते तिच्यामुळे. पूल उद्या किती वाजता उघडणार, किती वेळ वाहनांना बंद राहणार, हे आधी जाहीर व्हायचं. वर्तमानपत्रात रोज लहानशी चौकट यायची. आपल्याकडे सोन्याचा भाव येतो तशी. परिकाच्या बाजारातून भाजी भरून निघालेल्या बाईला निघण्याआधी कळायचं, आज पहाटे चारला निघावं की सहाला. उशीर व्हायचा, रांगा लागायच्या, लोक वैतागायचे. पण फसवणूक नव्हती.

ही गोष्ट वाचली आणि मला आमची गौरीची सकाळ आठवली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गौरी यायच्या आदल्या दिवशी पलीकडच्या शहरात मोठा बाजार भरतो. आमच्या दोन गटांतल्या अकराजणींनी मिळून माल केला होता. भेंडी, पडवळ, काकडी, अळू, हळदीची पानं, भोपळ्याची पानं आणि गौरीसाठी तेरडा. आदल्या दिवशी पावसात भिजत डोंगरावरून तेरडा काढला. एकीने गटातून अंतर्गत कर्ज घेऊन केळीची पानंसुद्धा विकत घेतली होती. पहाटे साडेपाचला सगळ्या पाट्या डोक्यावर घेऊन धक्क्यावर. सहाची लाँच. सहा वाजले, साडेसहा झाले, लाँच नाही. पलीकडचे दिवे दिसत होते, समोर, वीस मिनिटांच्या पाण्यावर. सात वाजता एका होडीवाल्यानं हाक मारून सांगितलं, लाँच दुरुस्तीला गेली, तीन दिवस बंद. सूचना लावली होती म्हणे. कुठं? पलीकडच्या कचेरीच्या दारात.

रस्त्यानं फिरून गेलं तर बावन्न किलोमीटर. गणपतीच्या दिवसांत टेम्पो मिळेना, मिळाला त्यानं जे भाडं सांगितलं ते ऐकून आम्ही परत फिरलो. भाजी गावातच निम्म्या भावात गेली. तेरडा कोण घेणार, गावात प्रत्येकीच्या परड्यामागे तेरडा. दुपारपर्यंत त्याच्या माना पडल्या. सगळ्याजणींचं मिळून साडेसात हजारांचं नुकसान. कर्ज घेतलेल्या बाईनं त्या महिन्याचा हप्ता कसा भरला ते मला माहीत आहे, पण ते तिनं सांगायचं, मी नाही.

नंतर ग्रामसंघाचा ठराव करून आम्ही अर्ज दिला. मागणी एकच, लाँच बंद राहणार असेल तर आदल्या दिवशी आमच्या बाजूच्या धक्क्यावरही लिहून लावा. उत्तर आलं की सूचना कार्यालयात लावण्यात येते. बस. त्या ओळीवर मी तीन दिवस चिडचिड केली.

आणि म्हणून, डेमेराराचं वाचल्यावर, दुसरा अर्ज लिहिला. त्यात मी तो पूल घातला. लिहिलं की एका गरीब देशात, दहा वर्षांसाठी बांधलेल्या पुलाची उघडण्याची वेळ रोज छापून येत असे, आणि आम्ही तर छापा म्हणत नाही, खडूनं लिहा म्हणतो. अर्ज घेणाऱ्या बाबूंनी दोनदा वाचला आणि विचारलं, "मॅडम, हे गयाना कुठल्या तालुक्यात येतं?" सोबतच्या आमच्या अध्यक्षबाईंनी तोंडाला पदर लावला. मी म्हटलं, "साहेब, खाडीपलीकडे." ते हसले. माणूस वाईट नव्हता.

पुलाचं पुढचंही सांगते, नाहीतर म्हणाल अर्धवट सोडलं. 8 ऑक्टोबर 2022 ला एक इंधनाचं जहाज त्या पुलावर आदळलं. पुलाचं मोठं नुकसान झालं, काही दिवस वाहतूक बंद. तेव्हा लोकांना परत होड्या आठवल्या. खरं तर होड्या कधी गेल्याच नव्हत्या. पूल गावाच्या नेमका समोर नव्हता, नदीत काही किलोमीटर आत होता, त्यामुळे व्रीड-एन-हूपहून शहरात गाडीनं जायचं तर आधी वर जा, ओलांडा आणि परत खाली या. होडी सरळ स्टाब्रूक बाजाराच्या मागच्या धक्क्याला लावते. स्टाब्रूक म्हणजे तिथली 1881 सालची लोखंडी मंडई, वर घड्याळाचा मनोरा. डोक्यावर पाटी असलेल्या बाईला मंडईच्या दारात उतरवणारी होडी पुलापेक्षा सोयीची, यात नवल काय?

आणि 5 ऑक्टोबर 2025 ला तरंगत्या पुलाशेजारी नवा पूल सुरू झाला. उंच, चार पदरी, तारांनी तोललेला. जहाज खालून जातं, गाड्या वरून जातात, कुणी कुणासाठी थांबत नाही. टोलही नाही. चौकट छापायची गरज संपली.

आमच्या बैठकीत हे सगळं सांगितल्यावर मला वाटलं बायका म्हणतील, असाच पूल आपल्याला हवा. नव्या सुना म्हणाल्याच. दवाखान्याचं नाव निघालं, कॉलेजचं निघालं, आणि ते खरंच आहे. रात्री बाळंतपणाला पलीकडे नेताना होडी शोधत फिरलेल्या दोघी त्याच बैठकीत बसल्या होत्या. त्यांच्यापुढे पुलाच्या विरोधात बोलायची माझी छाती नाही. पण सत्तरीच्या एक काकी, ज्यांनी चाळीस वर्षं तरीतून मासळीची पाटी नेली, त्या म्हणाल्या, "पूल झाला की आपण तिकडे जाऊ असं वाटतं तुम्हाला. अगं, तेच इकडे येतील. टेम्पो घेऊन येतील, आपल्या दारात आपलीच भाजी स्वस्त विकतील." यावर मग बराच वेळ बोलणं झालं. कुणी म्हणालं टेम्पो आपणच घेऊ, गटाच्या नावावर. कुणी म्हणालं चालवणार कोण. एकमत झालं नाही. मी कार्यवृत्तात तसंच लिहिलं, एकमत झालं नाही. माझं स्वतःचंही मत अजून पक्कं होत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून, चौदा वर्षं, पूल होणार असं ऐकते आहे, त्यामुळे घाईही नाही.

फळ्याचं मात्र झालं. दुसऱ्या अर्जानंतर महिन्याभरात कार्यालयातून निरोप आला, फळा तुम्ही लावा, वेळ आम्ही फोनवर कळवू. शाळेचा जुना फळा मागून आणला, बायकांनीच काळा रंग दिला, वर पत्र्याची पडवी केली म्हणजे पावसात पुसणार नाही. लिहायचं कुणी यावर थोडं भांडण झालं. शेवटी धक्क्याजवळ टपरी असलेल्या वहिनींनी अंगावर घेतलं. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. पहिले काही दिवस मुलाकडून लिहून घेत होत्या, आता स्वतः लिहितात. लाँचच्या वेळेखाली त्या दिवसाची तिथी आणि भरतीची वेळही घालतात, ती त्यांना कुणी सांगितली नव्हती. होडीवाले आता येऊन फळा बघून जातात.

परवा मी बैठकीला जाताना वाचलं. अक्षर मोठं, जरा उतरतं. "आज सप्तमी. भरती सव्वापाच. दुपारची फेरी नाही, इंजीन. शेवटची पावणेसहा, नक्की."